साखरेच्या प्रदक्षिणा

“काल दिवसभरात काय काय खाल्लंत?” आहार सांगणाऱ्या मॅडमनी विचारलं, तशा ज्योत्स्नाबाई खुर्चीत जरा ताठ बसल्या. परीक्षेत नेमका येणारा प्रश्न पडावा तसं त्यांना झालं.

“काल गुरुवार होता. काल मी काही खाल्लं नाही.”

“काहीच नाही?”

“उपवास असतो ना माझा. सकाळी आपली थोडी खिचडी.”

“साबुदाण्याची?”

“हो. मग दुपारी भगर आणि दाण्याची आमटी. चारच्या सुमाराला केळं. चहा होतो दोन-तीनदा, आणि रिकाम्या पोटी चहा घेतला की पित्त होतं, म्हणून त्याच्याबरोबर बटाट्याचा चिवडा. संध्याकाळी आरतीचा पेढा. रात्री रताळ्याचा कीस, साखर घालून...” बोलता बोलता त्यांचा आवाज आपोआप बारीक होत गेला आणि ‘साखर’ हा शब्द तर जवळजवळ ऐकूच आला नाही.

शेजारी बसलेले ज्ञानेशराव, म्हणजे त्यांचे यजमान, खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

मॅडम हसल्या नाहीत. त्या वयाने अगदी लहान, ज्योत्स्नाबाईंच्या पुण्यातल्या मुलाएवढ्या, मनोजएवढ्या. त्यांनी रिपोर्टचा कागद फिरवून समोर ठेवला. “काकू, तुम्ही सांगितलेल्यातलं बहुतेक सगळं पिठूळ आहे. पोटात गेलं की त्याची साखरच होते. तुम्ही इतर दिवशी पोळी, भाजी, वरण खाता, ते किती तरी बरं. तुमची साखर उपवासाच्या दिवशीच जास्त चढत असणार. आठवड्याला किती उपवास करता?”

“सोमवार, गुरुवार, शनिवार. शिवाय संकष्टी, एकादशी. प्रदोष असला तर प्रदोष.”

“आणि चालणं?”

“घरात दिवसभर पायावरच असते की.”

“देवघर ते स्वयंपाकघर,” ज्ञानेशराव खिडकीकडे बघतच म्हणाले. “मध्ये एक फ्रिज आहे फक्त.”

ज्योत्स्नाबाईंनी पदर सावरला. खरं तर रागवण्यासारखं काही नव्हतं. सकाळी पोथी, मग जप, दुपारी वाती वळत टीव्हीसमोर, संध्याकाळी पुन्हा स्तोत्रं. गुडघे दुखायला लागल्यापासून हे सगळं पाटावरून खुर्चीवर आलं होतं एवढंच. देवाचं करायचं म्हणजे बसावंच लागतं, आणि देवाचं करत बसलेल्या बाईला कुणी ‘बसून असते’ म्हणत नाही. आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

मॅडमनी उपवास सोडायला सांगितले नाहीत. साबुदाणा, भगर, बटाटा मात्र जवळजवळ बंदच केला. त्या दिवशी ताक, काकडी, मूठभर दाणे, राजगिऱ्याची एखादी भाकरी आणि तिच्याबरोबर दही, एवढ्यावर भागवा म्हणाल्या. आणि रोज चालायचं. कसं चालायचं तेही सांगितलं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगाने.

घरी येताना स्कूटरवर ज्योत्स्नाबाई गप्प होत्या. ज्ञानेशरावांना वाटलं आजाराची भीती वाटली असेल. “अगं, अर्ध्या नाशिकला साखर आहे,” ते मान मागे वळवून म्हणाले. “गोळी घ्यायची, चालायचं. त्यात काय एवढं?”

त्यात काय होतं ते त्यांना कसं सांगणार? इंदिरानगरातल्या त्यांच्या कॉलनीतलं दत्ताचं मंदिर, तिथलं भजनी मंडळ, आणि मंडळातल्या बायका. कुणाच्या सुनेला दिवस जात नाहीत, कुणाच्या मुलाचं लग्न ठरत नाही, कुणाचं अंग जड झालंय, सगळ्या म्हणायच्या, ज्योत्स्नाताईंना विचारा. आणि ज्योत्स्नाताई हळू आवाजात, कुणाला न दुखवता, एखादा वार धरायला सांगायच्या. “उपवासानं अंग हलकं राहतं गं. रोग जवळ येत नाही.” हे वाक्य त्यांनी किती जणींना सांगितलं असेल, देव जाणे. आता त्याच तोंडाने सांगायचं, की माझ्याच रक्तात साखर सापडली, आणि तीही माझ्या उपवासांनीच वाढवली? नको. कुणालाच कळायला नको. त्यांनी ज्ञानेशरावांनाही बजावून ठेवलं. मनोजला फोनवर सांगितलं, पण त्यालाही शपथ घातली.

मनोजने मनगटावर बांधायचं एक पट्टीवजा घड्याळ पाठवलं. ठरलेलं भराभर चालून झालं की ते हातावर थरथरायचं. सोबत पांढरे बूटही.

ते बूट घालून त्या एका पहाटे जॉगिंग ट्रॅकवर गेल्या. साडीखाली ते बूट त्यांना दुसऱ्याच्या पायातले वाटत होते. ट्रॅकवर अर्ध्या चड्डीतले पुरुष धापा टाकत बाजूने जात होते. एका वळणावर ज्ञानेशरावांच्या कारखान्यातले जुने सोबती भेटले आणि लांबूनच हात वर करून म्हणाले, “काय वहिनी, तुम्ही इकडे? डॉक्टरांनी सांगितलं वाटतं.”

“नाही, नाही. सहजच आले,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या आणि पुढच्याच फाटकातून बाहेर पडल्या. बूट घरी आल्यावर खोक्यात गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दत्ताच्या दर्शनाला गेल्या असताना त्यांचं लक्ष औदुंबराकडे गेलं. झाडाला पार बांधलेला, पाराभोवती फरशीची अरुंद वाट. माणसं तिथे प्रदक्षिणा घालतात. घालणाऱ्याला कुणी अडवत नाही, कुणी काही विचारत नाही, आणि साडी-चपलेत, किंवा चपलेशिवायच, चालता येतं. त्यांनी घड्याळ मनगटावर मागे सरकवलं, बांगड्यांच्या आत लपवलं, आणि औदुंबराला उजवीकडे ठेवून चालायला सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी त्यांना एक गोष्ट कळली. मॅडमनी सांगितलेल्या वेगाने चाललं की नाम घेता येत नाही. दोन पावलांत श्वास लागतो आणि ‘दिगंबरा’ अर्ध्यावर तुटतं. नाम घ्यायचं तर पाय मंदावतात, आणि पाय मंदावले की घड्याळ काही केल्या थरथरत नाही. थोडे दिवस त्यांनी दोन्ही करून पाहिलं. मग मनातल्या मनात देवाला म्हणाल्या, तुला सगळं कळतंच, आणि नाम सोडून दिलं.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. अंगात फरक पडायला लागला तो आधी जिन्यावर कळला. तिसऱ्या मजल्यावर चढताना मधल्या कठड्याशी थांबून पिशवीचा हात बदलायची सवय होती. एक दिवस त्या न थांबता दारापर्यंत आल्या आणि कुलूप उघडताना त्यांच्या लक्षात आलं. मग एका सकाळी पोथी घेऊन त्या खुर्चीवर न बसता पाटावर बसल्या, मांडी घातली, आणि अध्याय संपल्यावर भिंतीला हात न लावता उठल्या. दुपारची ती जडशी झोपही गेली. तीन महिन्यांची साखर काढली तेव्हा आकडा चांगलाच खाली आला होता. मॅडम म्हणाल्या, “काकू, अशाच चालत राहा. हे सगळं तुम्ही केलंय, गोळीनं एकटीनं नाही.”

तो दिवस ज्योत्स्नाबाईंच्या आनंदाचा असायला हवा होता. पण त्याच संध्याकाळी मंदिरात एक जण म्हणाली, “ताईंच्या चेहऱ्यावर बघा कसं तेज आलंय. उपासना आहे ती. रोज पहाटे औदुंबराला किती प्रदक्षिणा घालतात, अहो मोजदाद नाही.”

“काही मागणं आहे का हो ताई? नवस बोललात का काही?” दुसरीने विचारलं.

“देवाचं आहे आपलं काहीतरी,” ज्योत्स्नाबाई पुटपुटल्या. खोटं म्हणावं तर ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. प्रसादाचा पेढा हातात आला तो त्यांनी कपाळाला लावला आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. पर्समध्ये आधीच्या गुरुवारचाही एक होता, वाळलेला. तो त्यांच्या बोटांना लागला आणि त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं.

एवढ्यावर राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण मग मोहिनीवहिनी आल्या.

मोहिनीवहिनी शेजारच्या इमारतीत राहायच्या. दिवसभर शिलाई मशीनवर; कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्याच हातचे. त्यांची एकुलती एक मुलगी अंजली कळवणला दिलेली. मागच्या खेपेला अंजलीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. आता पुन्हा दिवस होते, आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचंच नाही असं सांगितलं होतं.

ज्योत्स्नाबाईंचे ब्लाउज सैल झाले होते. त्या मापाला गेल्या तेव्हा मोहिनीवहिनींनी त्यांच्या दंडाभोवती टेप धरली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “केवढे उतरलात हो ताई. उपासनेनं माणूस कसं झिजतं बघा.”

ज्योत्स्नाबाई हात लांब करून उभ्या होत्या.

“एक मागू का?” मोहिनीवहिनी टेप न काढताच म्हणाल्या. “माझी पोरगी तिकडे आढ्याकडे बघत पडलीय. कूस बदलायलाही भिते. तिच्या वाटचं कुणीतरी चालायला हवं ना? मला मशीनवरून उठलं की पाय धरतात, मंदिरापर्यंत येते हेच खूप. तुम्ही एवढ्या घालताच आहात. त्यातल्या थोड्या अंजलीच्या नावानं घाला. तुमचं देव ऐकेल.”

हीच ती वेळ होती. नंतर कित्येकदा ज्योत्स्नाबाईंनी ती मनात परत आणून बघितली. एवढंच म्हणायचं होतं, वहिनी, मी नवसाच्या नाही घालत, मला साखर आहे. कुणी हसलं नसतं. मोहिनीवहिनी तर मुळीच नाही. पण टेप दंडाभोवती होती आणि ती माउली अशा काही डोळ्यांनी बघत होती, की आपल्याबद्दलचं ते एवढं मोठं मत खाली पाडायचा धीर झाला नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या.

मोहिनीवहिनींनी ब्लाउजची शिलाई घेतली नाही. ज्योत्स्नाबाईंनी पैसे मशीनच्या फळीवर ठेवले तर ते त्यांच्या पिशवीत परत टाकले. “तुमच्याकडून? पाप लागेल मला.”

दुसऱ्या दिवसापासून ज्योत्स्नाबाईंनी मनापासून सुरुवात केली. पहिल्या काही फेऱ्या अगदी सावकाश, अंजलीचं नाव घेत, पोटावर हात ठेवून पडलेली ती पोर डोळ्यांपुढे आणत. मग आपल्या, भराभर. पण आठवडा गेला, दुसरा गेला. एका पहाटे उठायला उशीर झाला, ज्ञानेशरावांचा नाश्ता राहिला होता, म्हणून त्या दिवशी अंजलीच्या थोड्या कमी केल्या. एकदा पावसाची भुरभुर आली म्हणून. मग असंच. कधी तरी त्यांनी स्वतःची समजूत घातली, की सगळ्याच दोघींच्या धरू. देव काय वाटणी करत बसणार आहे? आणि त्यानंतर फेऱ्या घालताना त्यांच्या मनात अंजली नसायची. हाताला घड्याळ कधी थरथरतंय एवढंच असायचं.

तिकडे मोहिनीवहिनी रोज रात्री लेकीला फोन करायच्या, आणि मंदिरात भेटल्या की ज्योत्स्नाबाईंना सांगायच्या, “मी तिला म्हटलं, आजही ताई चालल्या गं तुझ्यासाठी. तेवढं ऐकते आणि झोपते बिचारी.”

ज्योत्स्नाबाई मान हलवायच्या.

वैशाखात एका सोमवारी पहाटे त्या औदुंबराशी पोचल्या तर मोहिनीवहिनी पारावर बसलेल्या होत्या. एवढ्या सकाळी त्या कधी येत नसत. केस नीट बांधलेले नव्हते.

“काय झालं?” ज्योत्स्नाबाईंनी विचारलं. “अंजली बरी आहे ना?”

“बरी आहे. बाळही बरं आहे. पण काल तपासणीत साखर निघाली हो ताई. दिवसांतली साखर म्हणतात. डॉक्टर म्हणाले, खाण्यावर बंधन घाला, नाही उतरली तर इंजेक्शन, बाळालाही त्रास होतो. मला तर काही सुचेना.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “आणि मला कळतच नाही, साखर आलीच कशी? गोड खात नाही ती. उलट गुरुवार धरलाय तिनं, तुमच्यासारखा. सोमवारही. मी इथून साबुदाणा भाजून, भगर निवडून पाठवते कुणी जाणारं असलं की. सासू करून घालते वेळच्या वेळी. पेढे पाठवते आपल्या आरतीचे. तरी साखर?”

पलंगावर पडून राहिलेली पोर, हलायचं नाही, आणि आठवड्यातून दोनदा खिचडी, भगर, रताळं, पेढा. त्यांना मॅडमच्या टेबलावरचा स्वतःचा कागद दिसला.

“तिची सासू म्हणते, डॉक्टरांचं यंत्रच बिघडलंय, एवढे उपवास करणाऱ्या बाईला साखर होतेच कशी. मला पण ते पटतं.” मोहिनीवहिनींनी वर बघितलं. “आता तुमचंच बघा ना. तुमच्याएवढे उपवास आख्ख्या कॉलनीत कुणाचे नाहीत. तुम्हाला आहे का काही?”

“नाही हो,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना तो परत ओढून घ्यावासा वाटला. पण मोहिनीवहिनींचा चेहरा तेवढ्यात उजळला होता. “तेच म्हणते मी. तिला सांगते आज, गुरुवार मोडू नकोस म्हणावं. डॉक्टर काहीही सांगतात.” त्या पाय धरत उठल्या, औदुंबराला हात जोडले, आणि ज्योत्स्नाबाईंनाही वाकून नमस्कार करायला गेल्या. ज्योत्स्नाबाईंनी त्यांचे खांदे कसेबसे वरच धरले.

त्या दिवशी त्यांनी प्रदक्षिणा घातल्या नाहीत. घरी येऊन देवघरासमोर बसल्या, तर पोथी उघडवेना. आजवर त्यांनी मोठं असं पाप केलं नव्हतं. कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, कुणाला उणं बोलल्या नव्हत्या. आणि आज देवाच्या झाडाखाली उभं राहून, दोन अक्षरांत, एका पोटुशीला त्यांनी साबुदाण्याच्या ताटावर बसवलं होतं. कशासाठी? आपल्याला कुणी हलकं समजू नये म्हणून. त्यांनी दत्ताच्या तसबिरीकडे बघायचा प्रयत्न केला. फुलं वाहायला हात वर गेला आणि डोळे खालीच राहिले.

दुपारी ज्ञानेशराव जेवायला बसले तेव्हा म्हणाले, “आज चेहरा का असा? साखर कमी झाली का? गूळ खातेस का चिमूटभर?”

“अहो, मी मोहिनीवहिनींना खोटं बोलले,” त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं.

ज्ञानेशरावांनी घास खाली ठेवला. एरवी त्यांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचायचं. या वेळी ते इतकंच म्हणाले, “मग इथे काय बसलीस?”

मोहिनीवहिनींच्या घराचं दार उघडंच होतं. मशीन चालू होतं. ज्योत्स्नाबाई आत जाऊन उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

“वहिनी, अंजलीला फोन केलात का?”

“नाही अजून. दुपारची झोपते ती. रात्री करीन. का हो?”

“मला साखर आहे.” ज्योत्स्नाबाईंचा आवाज मुळातच बारीक, मशीनच्या आवाजात तो ऐकू गेला नाही. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं, जास्त मोठ्याने. “मला साखर आहे, वहिनी. दिवाळीपासून ठाऊक आहे. सकाळी मी खोटं बोलले.”

मोहिनीवहिनींचा पाय थांबला. कापड सुईखालीच राहिलं.

“उपवासाचं खाऊनच वाढली माझी. साबुदाणा, भगर, बटाटा, सगळ्याची साखर होते. मला सांगितलंय तसं डॉक्टरांकडे. अंजलीचं यंत्रबिंत्र काही बिघडलेलं नाही. तिला त्यांचं ऐकायला सांगा. गुरुवार सोडायला सांगा.”

“आणि प्रदक्षिणा?” मोहिनीवहिनींनी विचारलं.

ज्योत्स्नाबाईंनी बांगड्या वर सरकवून मनगट पुढे केलं. “चालायला सांगितलंय मला. ट्रॅकवर जायची लाज वाटली. हे घड्याळ चालणं मोजतं.”

मोहिनीवहिनींनी ते घड्याळ बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या पोरीच्या नावावर तुम्ही साखर उतरवत होतात.”

ज्योत्स्नाबाईंनी मनगट मागे घेतलं.

“आणि मी वेडी ब्लाउजची शिलाई घेत नव्हते.” मोहिनीवहिनी हसल्या, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. त्यांनी मोबाइल उचलला. “आता लावते फोन. तुम्हीच सांगा तिला. मी सांगितलं तर ऐकायची नाही. ती तुमचं ऐकते.”

पलीकडून अंजलीचा झोपाळलेला आवाज आला. “बोल आई.”

“मी ज्योत्स्नामावशी बोलतेय गं.”

“मावशी?” आवाजात एकदम जाग आली. “तुम्ही कशा आहात? आई सांगते मला रोज, तुम्ही माझ्यासाठी...”

“अंजली, ऐक बाळा. डॉक्टर सांगतात ते खरं आहे. मला पण साखर आहे, आणि ती उपवासाच्या खाण्यानंच वाढली होती. तू गुरुवार, सोमवार दोन्ही सोड. साबुदाण्याला हात लावू नकोस. तिथले डॉक्टर जे ताट आखून देतील तेच खा. पोळी, भाजी, वरण, उसळ, वेळेवर. देव रागावत नाही. रागावला तर माझ्यावर रागावेल, तुझ्यावर नाही.”

मग अंजलीने विचारलं, “मग त्या प्रदक्षिणा?”

“त्या माझ्या होत्या गं. साखरेच्या.”

“माझ्या नावाची एकही नाही?”

‘होत्या’ म्हणणं सोपं होतं, आणि ते ऐकून ती पोर झोपलीही असती. ज्योत्स्नाबाईंनी डोळे मिटले. “पहिले काही दिवस थोड्या होत्या. मनापासूनच्या. मग राहून गेल्या.”

पंख्याचा आवाज येत होता, इथला की तिथला कळत नव्हतं. “बरं,” अंजली म्हणाली. “आईला द्या.”

मोहिनीवहिनी फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. ज्योत्स्नाबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी ब्लाउजची शिलाई मशीनच्या फळीवर ठेवली, आणि या वेळी ती पिशवीत परत टाकायला कुणी आलं नाही.

मंगळवारी त्यांनी खोक्यातून बूट काढले. ट्रॅकवर ते कारखान्यातले सोबती भेटलेच. “काय वहिनी, डॉक्टर?” त्यांनी विचारलं.

“हो, साखर आहे,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. ते गृहस्थच ओशाळले आणि “हो का, हो का, चाला, चाला” म्हणत पुढे गेले. ज्योत्स्नाबाईंचे कान मात्र पुढच्या वळणापर्यंत तापलेले होते. मंडळात सांगायची वेळ आली नाही. सांगायच्या आधीच तिथे कळलेलं होतं. कुणी काही बोललं नाही. फक्त आरतीनंतर पेढ्यांचं ताट फिरलं, तेव्हा वाढणारी त्यांच्यापाशी थबकली, आणि ताट पुढे गेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवारी पहाटे त्या औदुंबराकडे गेल्या. घड्याळ घरी ठेवलं होतं. ट्रॅकवर नंतर जायचं होतं. अंजलीच्या नावाने थोड्या, सावकाश, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते तिला सांगायचंही नव्हतं. पण वाटेवर आधीच कुणीतरी होतं. मोहिनीवहिनी एक हात पाराच्या कठड्यावर ठेवून पाय ओढत चालल्या होत्या. दोन पावलं टाकायच्या, थांबायच्या, पुन्हा दोन.

ती वाट एका माणसापुरती. पुढे गेलेल्याला ओलांडायचं तर कडेच्या मातीत उतरावं लागतं. ज्योत्स्नाबाई मागे उभ्या राहिल्या. परत फिरावं का, असं एकदा मनात आलं. मग त्याही चालायला लागल्या, मोहिनीवहिनींच्या मागे, त्यांच्याच चालीने. त्या थांबल्या की थांबायच्या. एवढ्या हळू चालताना नाम पुरं घेता येत होतं, पण ते मोठ्याने घ्यायला त्यांचं तोंड उघडेना.

एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला, मागे न बघता, मोहिनीवहिनी म्हणाल्या, “तुम्ही पुढे जा. तुमचं चालणं अडतंय.”

“नाही. ते मी नंतर चालेन. ट्रॅकवर.”

वळणावर मोहिनीवहिनींनी कठडा सोडला, पदर खोचला आणि पुन्हा कठडा धरला.

“आज गुरुवार आहे,” त्या म्हणाल्या. “आणि माझी पोर आज मटकीची उसळ खाणार आहे. मीच सांगितलं.” हे त्या सांगत होत्या की सुनावत होत्या, ते पाठीवरून कळत नव्हतं.

“चांगलं केलंत,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. त्यांनाच ते फार थोडं वाटलं.

“पाय फार दुखतात हो,” मोहिनीवहिनी थोड्या वेळाने म्हणाल्या.

“आधी दुखतात. मग कमी होतं. रोज थोडं थोडं करा. बसून शिवताना मध्ये मध्ये उठत जा.”

“तुम्ही सांगताय म्हणून?”

ज्योत्स्नाबाई मान खाली घालून पुढच्या टाचा बघत राहिल्या. भेगाळलेल्या टाचा थांबल्या, मग उचलल्या, आणि त्यांच्यामागून ज्योत्स्नाबाईही एक पाऊल पुढे सरकल्या.